लुगड्याचा निरोप



गेल्या आठवड्यात खात्याच्या प्रशिक्षणासाठी चार दिवस पुण्याला जाणे झाले. प्रशिक्षण शिवाजीनगरला आणि मुक्काम लेकीकडे कोथरूडला. कोथरूड म्हणजे एके काळचे शेतीवाडीचे गाव. आता तिथे वनाजपासून मेट्रो धावते आणि माती बघायची तर कुंडीत बघावी लागते. लेकीच्या घरी चौथ्या मजल्यावर गॅलरी आहे. तिथे कढीपत्ता, दोन मिरच्या आणि एक गुलाब. शेतकऱ्याची पोर, मातीशिवाय करमत नाही.

पहिल्याच संध्याकाळी दारात पाऊल टाकले तर सात वर्षांची नात शेजारच्या मैत्रिणीच्या कानात सांगत होती, "चजोबाआ चलेआ!" मी चपला काढता काढता म्हणालो, "हो, आजोबा आले. आणि पेरूही आणलेत." दोघी चकित. आपली गुप्त भाषा या म्हाताऱ्याला कशी कळली?

तुम्ही लहानपणी बोलला असालच ही चची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर उचलायचे, शेवटी नेऊन ठेवायचे आणि पुढे च लावायचा. 'मला' झाले चलाम, 'भाकरी' झाली चकरीभा. मोठ्या माणसांना कळू नये म्हणून पोरी ही भाषा भराभर बोलतात. पण ऐकणाऱ्याने जरा कान दिला की त्याच्या लक्षात येते की प्रत्येक शब्द च नेच सुरू होतो आहे. एवढा एक धागा सापडला की बाकीची गाठ आपोआप सुटते.

नात रुसली. तेव्हा तिची आई हसून म्हणाली, "बाबा, तुम्हाला लढाईत घ्यायला पाहिजे होतं. मी सध्या एक कादंबरी वाचतेय. त्यात बायका हेच काम करतात. शत्रूचे गुप्त निरोप उलगडायचं."

मग रोज रात्री जेवणे आटोपली की ती मला त्या कादंबरीचा एकेक भाग सांगू लागली. केट क्विन नावाच्या बाईंनी लिहिलेली 'द रोझ कोड' ही इंग्रजी कादंबरी 2021 साली निघाली. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संदेश फोडण्याच्या कामावर असलेल्या तीन मुलींची ती गोष्ट. एक बड्या घरची, एक गरीब वस्तीतली आणि एक आईच्या धाकात दबलेली. पुढचे सांगत नाही, कोणाला वाचायची असेल तर त्याचा विरस नको. पण त्या गोष्टीच्या मुळाशी जो इतिहास आहे तो मात्र तुम्हाला सांगितलाच पाहिजे.

लंडनपासून साधारण 80 किलोमीटरवर ब्लेचली पार्क नावाची एक हवेली आहे. लढाई सुरू झाली तशी सरकारने तिथे गुपचूप एक कचेरी थाटली. जर्मन फौजा आपले हुकूम बिनतारी यंत्रावरून पाठवत. हवेतून गेलेला निरोप कोणीही ऐकावा. म्हणून तो आधी 'एनिग्मा' नावाच्या यंत्रात घालून उलटापालटा करत. टाइपरायटरसारखे यंत्र. एक अक्षर दाबले की दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागायचा, आणि तेच अक्षर पुन्हा दाबले तर तिसराच. आतल्या चाकांची आणि तारांची मांडणी रोज मध्यरात्री बदलायची. अशा मांडण्या किती होऊ शकतात याचा आकडा लिहायचा तर 21 अंक लागतात. म्हणजे आज मोठ्या मुश्किलीने कुलूप उघडले तरी उद्या नवे कुलूप.

पोलंडच्या गणितज्ञांनी लढाईच्या आधीच, 1932 साली, या यंत्राचे मर्म प्रथम ओळखले होते. त्यांच्या कामावर इंग्रजांनी पुढचे काम उभे केले. अॅलन ट्युरिंग या गणितज्ञाचे नाव आता सर्वांना माहीत आहे. पण तिथे राबणाऱ्यांत कोण होते? जानेवारी 1945 मध्ये तिथे जवळपास 9,000 माणसे कामाला होती आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या. कोणी विद्यापीठातून आलेली, कोणी बँकेतली कारकून, कोणी आरमाराच्या महिला दलातली. तीन पाळ्यांत काम. थंडीत लाकडी खोपटात बसायचे, कार्डांवर नोंदी करायच्या, खडखडणारी मोठमोठी यंत्रे रात्रभर सांभाळायची.

आता बघा, ही कुलुपे उघडली कशी. शेतकऱ्याला पटतील अशी दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण हवामानाचे. जर्मन ठाण्यांवरून रोज सकाळी हवामानाचा अहवाल जायचा. गुप्त भाषेतच जायचा, पण हवामानाच्या अहवालात हवामान हा शब्द येणारच! रोज त्याच वेळी, त्याच साच्यातला निरोप. म्हणजे निरोपाच्या अमुक भागात अमुक शब्द असणार असा अंदाज बांधता येई आणि त्यावरून त्या दिवसाची किल्ली शोधता येई. एवढे भारी यंत्र, पण ठराविक सवयीने त्याला खिंडार पाडले.

दुसरे उदाहरण मेव्हिस लिव्हर नावाच्या मुलीचे. वय अवघे एकोणीस. इटलीच्या आरमाराचा एक लांबलचक निरोप तिच्यापुढे आला. ती बघत बसली आणि तिच्या ध्यानात आले की या अख्ख्या निरोपात 'एल' हे अक्षर एकदाही नाही. एनिग्माची एक खोड होती. कुठलेही अक्षर त्याच अक्षरात बदलत नसे. तिने ताडले की पलीकडच्या शिपायाला नुसता खोटा निरोप पाठवायला सांगितले असणार आणि त्या आळशाने एकच 'एल' सारखा दाबला असणार. तसेच निघाले, आणि त्यावरून यंत्राची मांडणी उलगडली. पुढे मार्च 1941 मध्ये तिनेच आणि तिच्या सोबतिणींनी उलगडलेल्या निरोपांमुळे इटलीच्या आरमाराचा बेत आधी कळला आणि मॅटापानच्या भूशिरापाशी इंग्रजांनी ती लढाई जिंकली.

मंडळी, काय आहे ते सगळ्यांनाच दिसते. काय नाही ते दिसायला वेगळी नजर लागते. तुमच्याही घरात ती नजर आहे. गोठ्यात शिरताक्षणी "आज गाय रवंथ करत नाही" हे घरातली बाई ओळखते. आम्ही पुस्तके वाचलेली माणसे ताप मोजेपर्यंत तिने औषधाला माणूस धाडलेला असतो.

तिथेही बायकांची दखल मात्र उशिरा आणि कमीच घेतली गेली. जोन क्लार्क ही केंब्रिजची गणितात हुशार मुलगी. तिला सुरुवातीला आठवड्याला दोन पौंडांवर घेतले. पुढे पगार वाढवायचा तर संदेश फोडणाऱ्या बाईसाठी वरची जागाच कागदावर नव्हती. मग तिला 'भाषातज्ज्ञ' म्हणून बढती दाखवली. परक्या भाषांचे ज्ञान तिला नव्हतेच! सरकारी कागदांची रीत सगळीकडे सारखीच, असे म्हणायला हरकत नाही.

पण मला सर्वांत जास्त लागून राहिले ते निराळेच. या सगळ्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती. लढाई 1945 मध्ये संपली, बायका घरोघरी गेल्या, लग्ने झाली, नातवंडे झाली आणि कोणी तोंडातून अवाक्षर काढले नाही. 1974 साली एका जुन्या अधिकाऱ्याचे पुस्तक छापले गेले, तेव्हा कुठे जगाला हा प्रकार कळला. तोवर कित्येकींचे आईबाप हे न कळताच वारले होते. आपली पोर लढाईत नुसती कुठल्याशा कचेरीत टंकलेखन करत होती, एवढेच ते समजून गेले. सरकारने त्यांना साधा सन्मानाचा बिल्ला द्यायला 2009 साल उजाडावे लागले.

लेक म्हणाली, "बाबा, आपल्याकडे अशा बायका नव्हत्या का हो?"

मी म्हटले, होत्या. आपल्याकडची लढाई मात्र निराळी होती. त्या बायका इंग्रजांसाठी लढत होत्या, आपल्या बायका इंग्रजांशी. काही आपल्या मुली इंग्रजांच्या बाजूनेही कामाला होत्या. 1942 मध्ये निघालेल्या महिला सहायक दलातल्या मुली दिल्लीला आनंद पर्वतावर रामजस कॉलेजच्या इमारतीत चालणाऱ्या बिनतारी केंद्रात काम करत आणि तिथे जपानी निरोप ऐकून उलगडले जात. पण घराघरात सांगावी अशी गोष्ट त्याच वर्षी मुंबईत घडली.

उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी. 'चले जाव'चा पुकार झाला, गांधीजींसह सारे पुढारी गजाआड गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा तिने आणि तिच्या सोबत्यांनी ऑगस्ट 1942 मध्ये गुप्त रेडिओ सुरू केला, काँग्रेस रेडिओ. 42.34 मीटरवर तिचा आवाज ऐकू यायचा आणि ठिकाण सांगायची ती 'भारतातून कुठून तरी' एवढेच. राममनोहर लोहिया त्यांच्या पाठीशी होते. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत गल्लीबोळांतून फिरायच्या, म्हणून ही मंडळी सारखी बिऱ्हाड बदलायची. एकीकडे विलायतेत इंग्रज पोरी शत्रूचा रेडिओ कान देऊन ऐकत होत्या, दुसरीकडे मुंबईत इंग्रजांचे पोलीस आमच्या पोरीचा रेडिओ कान देऊन ऐकत होते. काळाची गंमत बघा.

12 नोव्हेंबर 1942 ला त्यांना पकडले. एका तंत्रज्ञानेच ठिकाण फोडले होते. यंत्राचे कुलूप कितीही मजबूत असो, फितुरीपुढे टिकत नाही. उषाताईंची सहा महिने चौकशी झाली. परदेशात शिकायला पाठवतो असे आमिष दाखवले. त्या बोलल्या नाहीत. खटल्यात न्यायाधीशांना विचारले, उत्तर देणे मला बंधनकारक आहे का? नाही म्हटल्यावर एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. चार वर्षांची सजा झाली आणि ती त्यांनी भोगली कुठे? लेकीच्या घरापासून नदीपलीकडच्या येरवड्यात. 1946 मध्ये त्या सुटल्या. पुढे प्राध्यापिका झाल्या, 1998 साली पद्मविभूषण मिळाले आणि 2000 साली त्या गेल्या.

आता आपल्या शिवारातली गोष्ट. जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, 1943 पासून 1946 पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. नाना पाटलांची लेक हौसाताई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. बाप भूमिगत, घराला सरकारचे टाळे, जमीन जप्त. घरच्यांनी बैलजोडी आणि गाडी धरून गूळ, शेंगा, ज्वारीची भाडी मारून पोट भरले. आणि याच पोरीने तूफान सेनेसाठी निरोप आणि हत्यारे गावोगाव पोहोचवली.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तिने नवराबायकोच्या भांडणाचे सोंग केले. सोबतचा कार्यकर्ता नवरा झाला आणि खरोखरीच्या दणक्यांनी तिला मारू लागला. सोडवायला पोलीस बाहेर धावले, तेवढ्यात बाकीच्यांनी मागून ठाण्यातल्या बंदुका लांबवल्या. पुढे 1944 च्या सुमाराला त्या गोव्यात गेल्या. तिथे पोर्तुगिजांच्या तुरुंगात अडकलेल्या बाळ जोशींना त्या बहीण म्हणून भेटल्या आणि अंबाड्यात खोवून नेलेली चिठ्ठी पोहोचवली. परतताना रात्री मांडवी नदी ओलांडायला होडी नव्हती, तर एका लाकडी पेटीच्या आधाराने पैलतीर गाठला. घरी तान्हे लेकरू ठेवून. सप्टेंबर 2021 मध्ये वयाच्या 95 व्या वर्षी त्या गेल्या. शेवटच्या काही वर्षांत त्यांना कोणी भेटून विचारले आणि त्यांनी सांगितले, म्हणून आपल्याला हे कळले.

हे सगळे मी लेकीला सांगत होतो आणि सांगता सांगता गप्प झालो. कारण मला माझी आजी आठवली.

माझे गाव येरळेच्या काठी. आजी निरक्षर. तिची एक खोड होती. धुणे वाळत घालताना लाल लुगडे रस्त्याकडच्या भिंतीवर कधी टाकायचे नाही. माझी आई नवी नवरी होती तेव्हा तिने चुकून टाकले, तर आजीने हातातले पीठ तसेच टाकून पळत जाऊन ते ओढून काढले आणि दिवसभर तिच्याशी बोलली नाही. आम्ही पोरे हसायचो. म्हातारीचे काहीतरी सोवळेओवळे असेल, असे आम्हाला वाटायचे.

मी 1993 ला नोकरीला लागलो. पहिल्या वर्षी गावी आलो तेव्हा पीककर्जासाठी सातबारा काढून आणला होता. जमीन आजोबांच्या नावावर. मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचत होतो. आजी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "ह्यात माझं नाव कुठं हाय रं?" मी हसलो. म्हणालो, "तुझं नाव राशनकार्डावर हाय की." तीही हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "ह्या भितीवर म्या एकदा..." आणि थांबली. मला तालुक्याला जाऊन तुरीच्या प्रात्यक्षिकाचा अहवाल द्यायचा होता. मी म्हटले, "आज्जे, रात्री सांग." रात्री मी विसरलो. तीही पुन्हा बोलली नाही. 1998 च्या पावसाळ्यात ती गेली.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. सगळे खोळंबले. तेव्हा भावकीतले एक म्हातारे पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "वैनी, आता भितीवर लुगडं नाही. वाट मोकळी हाय. ये."

कोणाला काही कळले नाही. घरी आल्यावर मी त्यांना विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की पत्री सरकारच्या दिवसांत आमचे घर गावाच्या तोंडाशी होते आणि पलीकडच्या टेकाडावर माणसे लपलेली असायची. गावात पोलीस असले की आजी लाल लुगडे रस्त्याकडच्या भिंतीवर टाकायची. भिंत मोकळी असली की वाट मोकळी. मग रात्री कोणीतरी येऊन भाकरी घेऊन जायचे. हे काम तिने किती दिवस केले? दोन वर्षे, असे ते म्हणाले. आजोबांना माहीत होते का? ते म्हणाले, "त्याला ठावं नसावं. त्यो भित्रा हुता."

टेकाडावरून लुगडे कोण बघायचे, भाकरी न्यायला कोण यायचे, एखाद्या दिवशी पोलिसांना संशय आला होता का, हे सारे प्रश्न मला तेव्हा सुचले. उत्तर द्यायला ती नव्हती. वर्षभराने ते म्हातारेही गेले. आता त्या गोष्टीत मला एवढेच ठाऊक आहे जेवढे वर लिहिले. लढाई संपल्यावर पन्नास वर्षे ती बाई भिंतीवर लाल लुगडे पडू देत नव्हती. तिच्या लेखी तो निरोप होता आणि खोटा निरोप द्यायचा नसतो.

लेकीच्या गॅलरीतल्या गुलाबाकडे बघत मी त्या रात्री बराच वेळ बसलो. गुलाबाचे कलम कसे करतात तुम्हाला ठाऊक आहे. खाली रानगुलाबाचा खुंट, त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा. फूल डोळ्याच्या जातीचे येते, पण जमिनीतून पाणी ओढतो तो खुंट. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे असेच कलम आहे. खुंट इतिहासाचा, डोळा लेखकाच्या कल्पनेचा. रणजित देसाईंनी 1962 मध्ये 'स्वामी' लिहिली आणि माधवराव-रमाबाई घराघरात पोहोचले. त्यातले प्रत्येक बोलणे काही कोणी टिपून ठेवलेले नव्हते, पण खुंट पक्का होता म्हणून डोळा जगला. खुंटाखालून फुटवे आले तर ते काढावे लागतात, नाहीतर रानगुलाबच माजतो. तसेच कादंबरी वाचताना खरे कोणते आणि रचलेले कोणते याची नजर ठेवावी. चित्रपटालाही हेच लागू. उषाताईंवर 2024 मध्ये हिंदी चित्रपट आला. तो बघावा, पण खरी माहितीही वाचावी.

पण मंडळी, खुंटच नसेल तर डोळा भरायचा कशावर? विलायतेतल्या बायकांच्या कादंबऱ्या आज लिहिल्या जातात, कारण तिकडे कागद जपले गेले, म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन लोकांनी त्यांचे बोलणे टिपून घेतले. आमच्या आज्यांचा कागद कुठेच नाही. ज्या भाकऱ्या थापल्या त्या खाल्ल्या गेल्या, जे लुगडे वाळत घातले ते विरून गेले, आणि सातबाऱ्यावर नाव नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर्व्यांच्या पुतळ्यापर्यंत फिरायला गेलो. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये निराधार मुलींसाठी आश्रम काढला आणि पुढे जवळच हिंगण्याच्या माळावर झोपडीत तो नेला. तिथून पायी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला जायचे आणि पायी परत यायचे. 1916 मध्ये त्यांनी महिलांसाठी विद्यापीठ सुरू केले. 1958 साली, वयाच्या शंभरीला, त्यांना भारतरत्न मिळाले. पुतळ्यापाशी उभे असताना एक विचार आला. त्या इंग्रज पोरींना संदेश फोडायला बसवता आले, कारण त्यांना आधी कोणीतरी शाळेत बसवले होते. माझ्या आजीला ते मिळाले नाही, तरी तिने एका लुगड्यावर काम भागवले. माझी लेक शिकली, आज ती संगणकावर काम करते. शाळा मिळाली असती तर आजीने काय केले असते कोणास ठाऊक!

म्हणून आज शेतीच्या सल्ल्याऐवजी तीन घरगुती कामे सांगतो.

पहिले काम. घरात सत्तरी-ऐंशीपुढची आजी, आत्या, मावशी असेल तर या हुरड्याच्या दिवसांत तिच्याजवळ बसा. 1942 पाहिलेल्या आता फार थोड्या उरल्या, पण 1972 चा दुष्काळ, दुष्काळी कामावरची खडी, पहिले संकरित बियाणे, गावात आलेली पहिली वीज, हे तिने पाहिले आहे. सरळ प्रश्न विचारला की बायका म्हणतात, "आम्हाला काय ठावं?" तेव्हा कामावरून विचारा. भाकरी किती थापायचीस, पाणी कुठून आणायचीस, रात्री दारावर कोणी आले तर काय करायचीस. मोबाईलवर आवाज भरून घ्या किंवा शाळेतल्या पोराला वहीत लिहायला सांगा. आणि तिने वाक्य अर्ध्यावर सोडले तर "रात्री सांग" म्हणू नका.

दुसरे काम. घरचा सातबारा काढा आणि त्यात घरच्या बाईचे नाव आहे का बघा. नवऱ्याने आपल्या हयातीतच बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे यासाठी 'लक्ष्मी मुक्ती' योजना आहे. शेतकरी संघटनेने ती चळवळ उभी केली आणि 1992 मध्ये सरकारने तसा निर्णय काढला. तलाठ्याकडे चौकशी करा. खुरपणी, वेचणी, धारा काढणे तिने करायचे आणि योजनेच्या अर्जात शेतकरी म्हणून तिची गणती नाही, हे मी बत्तीस वर्षे रोज बघतो आहे. माझ्या घरी मी हे काम केले आहे. आजीसाठी करता आले नाही, हे मनात सलते.

तिसरे काम मोबाईलचे. पूर्वी बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव करायचा. बोटांचा तो हिशोब दोघांतच राहायचा. आज तुमच्या बँकेच्या खात्याची किल्ली म्हणजे फोनवर येणारा ओटीपी. 'पीएम किसानचा हप्ता अडकलाय, नंबर सांगा' किंवा 'ही लिंक दाबा' असा फोन वा निरोप आला तर समजा की कोणीतरी तुमचे कुलूप फोडू बघतो आहे. बँकेचा खरा माणूस ओटीपी विचारत नाही. उषाताई सहा महिने बोलल्या नाहीत, आपल्याला सहा मिनिटे गप्प बसायला काय हरकत आहे?

निघायच्या दिवशी नातीला लुगड्याची गोष्ट सांगितली. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पणजीला कोणी बक्षीस दिलं का?" मी म्हटले, "नाही." ती विचार करून म्हणाली, "मग मी शाळेत सांगते." लेकीने तिच्या वहीत पणजीचे पूर्ण नाव लिहून दिले. माझ्या माहितीप्रमाणे राशनकार्डानंतर ते नाव प्रथमच कुठे लिहिले गेले.

असो. पुढच्या आठवड्यात भेटूच.

ता. क. : हरभरा कळीवर येतो आहे, घाटेअळीवर लक्ष ठेवा. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. हाही गुप्त निरोप फोडण्याचाच प्रकार आहे. मादी पतंग नराला बोलवायला जो वास सोडते तोच वास सापळ्यातल्या गोळीला असतो आणि नर फसून आत येतो. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस 8 ते 10 पतंग दिसले तर अळीचा धोका आला असे समजा आणि आपल्या कृषी सहायकाच्या सल्ल्याने फवारणीचे ठरवा. पक्ष्यांना बसायला शेतात काड्या रोवायला विसरू नका. सापळ्यातले पतंग रोज मोजायचे काम घरच्या बाईकडे द्या. तिचा आकडा चुकत नाही.